ओठ मिटलेले, मेंदू बोलका

हात उचलत नाही, जीभ वळत नाही, मान सावरत नाही. पण दारातून कोण आत आलं, कोण कुजबुजलं, कोणाचे डोळे भरून आले, हे सगळं त्या खाटेवरच्या माणसाला कळतंय. अशा माणसाला दोन शब्द बोलता यावेत म्हणून शास्त्रज्ञ कित्येक वर्षं त्याच्या मेंदूतल्या विजेकडे कान लावून बसले आहेत. या धडपडीच्या गोष्टीत घोड्यावरून पडलेला तरुण आहे, आइन्स्टाइनचा फोटो आहे, लग्नाचा जुना व्हिडिओ आहे आणि 'डोक्याला तेल लावून येऊ नका' ही ताकीदही आहे. एकेक किस्सा घेऊ या.

एका तारेने लावलेलं वेड

साल १८९३. जर्मनीत लष्करी कवायत चालू असताना हान्स बर्गर नावाचा तरुण घोड्यावरून फेकला गेला आणि तोफगाड्याच्या चाकाखाली येता येता वाचला. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली, 'बरा आहेस ना?' दूर घरी बसलेल्या बहिणीच्या मनात पाल चुकचुकली होती आणि तिनेच वडिलांना तार करायला लावलं होतं. एका मनातलं दुसऱ्या मनाला कळलं कसं, हा प्रश्न बर्गरच्या डोक्यात घर करून बसला. पुढे तो येना शहरात मनोविकारतज्ज्ञ झाला आणि १९२४ साली त्याने माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विजेचा पहिला आलेख मिळवला. स्वतःच्या मुलालाही त्याने तारा लावून बसवलं. पाच वर्षं पडताळा घेतला आणि १९२९ मध्ये निबंध छापला. मनकवडेपणाचं गूढ काही उकललं नाही. हाती लागला तो ईईजी, आज फिट येणाऱ्या रुग्णाला डॉक्टर जो काढून आणायला सांगतात तोच.

पेन्सिल सेलचा तीस हजारावा भाग

भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो. मेंदूतली वीज कवटी आणि कातडी ओलांडून बाहेर पोहोचते तेव्हा ती साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट उरते. ५० धरले तरी त्या सेलचा तीस हजारावा भाग! नुसती पापणी लवली तरी आलेखावर याहून मोठा डोंगर उठतो, दात आवळले तर सगळा कागद काळा होतो. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कोणाची तरी कुजबुज टिपायची, तसं हे काम आहे.

टाळूचा पत्ता

ईईजीला जायचं तर केस धुऊन या, तेल लावू नका, असं आधीच बजावतात. तेलाच्या थरामुळे इलेक्ट्रोड कातडीला नीट चिकटत नाहीत. मग तंत्रज्ञ मोजपट्टी घेतो. एक टोक नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मधल्या खळग्यावर. दुसरं टोक डोक्याच्या मागे, बोटाला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर. समजा हे अंतर ३६ सेंटीमीटर भरलं. पहिली खूण दहा टक्क्यांवर, म्हणजे ३.६ सेंटीमीटरवर. पुढच्या खुणा वीस-वीस टक्क्यांवर, म्हणजे ७.२ सेंटीमीटर सोडून. म्हणूनच या पद्धतीचं नाव 'टेन-ट्वेंटी'. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली ती मांडली आणि आजही जगभर तीच चालते. डावीकडच्या जागांना विषम आकडे, उजवीकडच्यांना सम, आणि मधल्या रेषेवर झेड, म्हणजे झीरो. टाळूच्या बरोबर मध्यावरच्या जागेचं नाव 'सीझेड'. मग प्रत्येक जागी चिकट जेलचा थेंब. घरी गेल्यावर पुन्हा न्हाणं आलंच.

डोळे मिटा, ढोल वाजेल

डोळे मिटून शांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा हेलकावणारी लहर उठते. बर्गरने तिला अल्फा नाव दिलं. डोळे उघडले की ती ओसरते. म्हणजे माणसाच्या हाती एक बटण आलं! अमेरिकन शास्त्रज्ञ एडमंड ड्यूअन यांनी साठच्या दशकात याच बटणाने मोर्सची कडकट्ट पाठवून दाखवली. त्यांच्याच मदतीने संगीतकार अल्व्हिन ल्युसिए यांनी १९६५ मध्ये एक अजब मैफल सादर केली. ते खुर्चीत डोळे मिटून स्तब्ध बसले, अल्फा लहरी वाढवून ध्वनिक्षेपकांत सोडल्या आणि त्यांच्या थरथरीने ढोल, झांजा, घंटा आपोआप घुमू लागल्या.

बारसं १९७३ चं

'ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस' हे आज सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले झाक व्हिदाल यांनी १९७३ मध्ये दिलं. चारच वर्षांनी त्यांनी मेंदूच्या लहरींच्या जोरावर संगणकाच्या पडद्यावरचा ठिपका चक्रव्यूहातून फिरवून दाखवला. घरोघरी संगणक यायला तेव्हा अजून बराच अवकाश होता.

छत्तीस खणांचा खेळ

आता जरा मन लावून वाचा, कारण या सगळ्या धडपडीत सर्वांत गाजलेली युक्ती हीच.

पडद्यावर अक्षरांचे ३६ खण आहेत. आडव्या ओळी सहा, उभ्या ओळी सहा. तुम्हाला 'आई' लिहायचं आहे. तुम्ही 'आ'च्या खणावर नजर आणि मन ठेवायचं, बाकी काही करायचं नाही. एकेक ओळ कशाही क्रमाने उजळते आणि विझते. बारा उजळण्यांपैकी दहा तुमच्या कामाच्या नाहीत, मेंदू त्या सोडून देतो. पण 'आ' असलेली आडवी ओळ उजळली की मेंदू आतून म्हणतो, 'हीच ती!' साधारण ३०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या तीन दशांशाने, लहरीत एक उंचवटा येतो. त्याचं नाव पी-३००. उभी ओळ उजळली की पुन्हा तेच. आडवी आणि उभी जिथे छेदतात, तिथे तुमचं अक्षर. एका उंचवट्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून यंत्र हा फेरा पुन्हा पुन्हा घेतं.

फारवेल आणि डोंचिन या दोघांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात इंग्रजी अक्षरांवर हा खेळ मांडला. वेग होता मिनिटाला २.३ अक्षरं. या हिशेबाने 'आई' म्हणायला ५२ सेकंद लागतील. ज्याला वर्षानुवर्षं ती हाक मारता आलेली नाही, त्याला ते ५२ सेकंद लाखमोलाचे.

आइन्स्टाइन मदतीला धावले

नुसती अक्षरं उजळण्याऐवजी त्यांच्यावर ओळखीचा चेहरा चमकवला तर? जर्मनीतल्या वुर्झबुर्गच्या संशोधकांनी २०११ मध्ये आइन्स्टाइन आणि चे गेव्हारा यांचे चेहरे वापरून पाहिले. चेहरा दिसला की मेंदू जास्त जोराने दाद देतो, आणि अक्षर ओळखणं सोपं जातं. याच वुर्झबुर्गमध्ये खणांत अक्षरांऐवजी रंग, आकार आणि कुंचल्याच्या जाड्या ठेवून रुग्णांकडून चित्रंही काढून घेतली गेली. हात न हलवता रंगवलेली चित्रं!

लुकलुकणारे दिवे

दुसरी युक्ती आणखी सोपी. प्रत्येक अक्षर वेगवेगळ्या वेगाने लुकलुकतं. आपण ज्याच्याकडे बघतो, त्याच तालात मेंदूचा मागचा भाग डोलायला लागतो. ताल ओळखा, अक्षर ओळखा. बीजिंगच्या छिंग्ह्वा विद्यापीठातल्या गटाने २०१५ मध्ये ४० लुकलुकत्या खणांवर मिनिटाला ६० अक्षरांपर्यंत मजल मारली. कवटीला धक्का न लावता, नुसत्या टोपीवर.

हात न हलवता हात हलवा

उजवा हात हलवण्याची नुसती कल्पना केली तरी मेंदूच्या डाव्या भागात, हाताच्या जागेवरची लहर मंदावते. हात खरोखर हलला की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणून लकवा झालेल्या माणसालाही हे जमतं. १२ जून २०१४ ला ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या मैदानावर फुटबॉल विश्वचषकाच्या उद्‌घाटनात कमरेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाने ईईजी टोपी आणि यांत्रिक पायांच्या साहाय्याने चेंडूला लाथ मारली. मागे उभे होते शास्त्रज्ञ मिगेल निकोलेलिस. टीव्हीवर ते दृश्य डोळ्यांचं पातं लवेपर्यंत संपलं.

तिरुवनंतपुरमहून फ्रान्सला 'होला'

बर्गरचं मनकवडेपणाचं वेड २०१४ मध्ये वेगळ्याच वाटेने केरळात पोहोचलं. तिरुवनंतपुरमला बसलेल्या माणसाने डोक्यावर ईईजी टोपी चढवली. हात हलवण्याची कल्पना म्हणजे १, पायांची कल्पना म्हणजे ०. या एक-शून्याच्या भाषेत 'होला' आणि 'चाओ' हे दोन शब्द इंटरनेटवरून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला गेले. तिथे डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाच्या डोक्याला चुंबकीय झटके दिले. त्याला कधी प्रकाशाचा ठिपका दिसला, कधी नाही, आणि त्यावरून निरोप उलगडला. एका मेंदूचं दुसऱ्याला कळलं, फक्त मध्ये यंत्रांची रांग होती.

हॉकिंग मेंदूच्या लहरींवर बोलत नव्हते!

अनेकांची ही ठाम समजूत असते. खरं तर स्टीफन हॉकिंग शेवटची कित्येक वर्षं गालाचा एक स्नायू आखडून बोलत. चष्म्याला लावलेला इन्फ्रारेड सेन्सर ती हालचाल टिपायचा आणि संगणक त्यावरून शब्द निवडायचा. यातून शिकायची गोष्ट मोलाची आहे. शरीरात कुठेही एक जरी हालचाल शिल्लक असली, तरी आधी तिचा उपयोग करून घ्यायचा. मेंदूच्या लहरींची पाळी त्यानंतर.

साबुदाण्याएवढी चकती

कातडीवरून कुजबुज ऐकू येते, मग कान आतच नेला तर? युटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांनी घडवलेली चकती चार बाय चार मिलिमीटरची, भिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्याएवढी. तिच्यावर सुयांची दाटी, त्यांतल्या ९६ सुया मेंदूच्या पेशींचं बोलणं ऐकतात. 'ब्रेनगेट' प्रकल्पात २००४ मध्ये मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत ती बसवली आणि तो नुसत्या मनाने ईमेल उघडू लागला, टीव्हीचा आवाज कमी-जास्त करू लागला.

२०१२ मधलं दृश्य तर मनात घर करतं. जवळजवळ १५ वर्षांपूर्वी स्ट्रोकने लुळी झालेली एक बाई. यांत्रिक हात तिच्या मनाच्या हुकमाने पुढे सरकतो, बाटली उचलतो, तोंडाशी आणतो. ती स्ट्रॉने कॉफीचा घोट घेते. बाटली परत टेबलावर जाते आणि बाईच्या चेहऱ्यावर हसू उमलतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने कोणाच्या हातून न घेता स्वतःहून घोट घेतला होता.

मानेच्या शिरेतून मेंदूपर्यंत

कवटी उघडायची भीती वाटते? ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या कामातून निघालेला 'स्टेन्ट्रोड' हृदयातल्या स्टेंटसारखाच जाळीदार आहे. तो मानेच्या शिरेतून वर सरकवतात आणि मेंदूलगतच्या रक्तवाहिनीत उघडतात. डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका एएलएसच्या (या आजारात स्नायू हळूहळू लुळे पडत जातात) रुग्णाने त्याच्या जोरावर ट्वीट केलं, 'हॅलो, वर्ल्ड!'

उन्हात चालणारं यंत्र

डोळ्यांच्या हालचालीवर चालणारे संगणक चांगलेच आहेत, पण बाहेरच्या बदलत्या उजेडात ते गोंधळतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला एएलएस झालेल्या एका बाईच्या मेंदूवर पट्ट्या बसवल्या, छातीत कातडीखाली छोटं यंत्र ठेवलं, आणि २०१६ मध्ये जगाला कळलं की ती घरच्या घरी, डॉक्टर-इंजिनिअर शेजारी नसताना, मिनिटाला दोन अक्षरं लिहिते. वेग बेताचाच. पण घराबाहेर, उन्हातही आपलं म्हणणं सांगता येणं हा तिच्यासाठी मोठा मोकळेपणा होता. पुढे तिने ते सात वर्षं वापरलं.

मनातल्या मनात गिरवा

स्टॅनफर्डच्या गटाने २०२१ मध्ये एक झकास कल्पना मांडली. ठिपका हलवत अक्षर शोधण्याऐवजी रुग्णाने हातात पेन आहे असं समजून अक्षर गिरवायचा प्रयत्न करायचा. हात हलत नाही, पण मेंदूत गिरवण्याचं वळण तसंच उमटतं. लहानपणी पाटीवर घोटलेलं वळण हात लुळा पडल्यावरही मेंदू विसरत नाही. वेग गेला मिनिटाला ९० अक्षरांवर, म्हणजे मोबाइलवर टाइप करणाऱ्या त्याच वयाच्या माणसाच्या जवळपास.

लग्नाच्या व्हिडिओतला आवाज

तिशीत स्ट्रोक झाला आणि एका शिक्षिकेचा आवाज गेला. जवळजवळ अठरा वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोचे एडवर्ड चँग यांच्या गटाने तिच्या मेंदूवर २५३ इलेक्ट्रोडांची पत्र्यासारखी पातळ पट्टी ठेवली. ती ओठ-जीभ हलवायचा प्रयत्न करते, यंत्र त्यावरून शब्द ओळखतं, मिनिटाला ७८. पडद्यावरचा चेहरा तिच्याऐवजी बोलतो, हसतो, खट्टू होतो. आणि आवाज कोणाचा? तिचाच! तिच्या लग्नाच्या व्हिडिओतलं तिचं बोलणं ऐकवून संगणकाला तो आवाज शिकवला होता. घरातले जुने व्हिडिओ जपून ठेवा. कधी कोणाच्या कामी येतील सांगता येत नाही.

शंभरात सत्त्याण्णव

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला एएलएस झालेल्या एका गृहस्थांच्या मेंदूत २०२३ मध्ये २५६ इलेक्ट्रोड बसवले. पहिल्याच दिवशी, अर्ध्या तासाच्या सरावात, ५० शब्दांच्या संग्रहावर यंत्राची अचूकता ९९.६ टक्के. पुढे सव्वा लाख शब्दांच्या संग्रहावर ती ९७ टक्क्यांच्या वर टिकली. त्यांना जे म्हणायचं होतं तेच शब्द पडद्यावर उमटलेले पाहिले तेव्हा त्यांना रडू आवरेना, आणि घरच्यांनाही.

त्यापुढची पायरी २०२५ ची. 'नेचर'मध्ये आलेल्या त्या निबंधाच्या पहिल्या लेखिका मैत्रेयी वैरागकर. मराठी वाचकाला हे नाव घरचं वाटेल. आता मध्ये लेखी मजकूर नाही. मेंदूतल्या विजेतून थेट आवाज निघतो, तोही सेकंदाच्या चाळिसाव्या भागात. प्रश्न विचारताना सूर वर जातो, हव्या त्या शब्दावर जोर देता येतो, साध्या चाली गुणगुणता येतात. ऐकणाऱ्यांना जवळजवळ ६० टक्के शब्द समजले. यंत्राशिवाय फक्त ४ टक्के समजत होते. बोलणारा मध्येच 'हं' म्हणू शकतो, दुसऱ्याचं बोलणं तोडू शकतो. गप्पा म्हणतात त्या याच!

मनाला कुलूप, कुलपाला परवलीचा शब्द

मनातलं सगळंच बाहेर पडलं तर? ही भीती रास्त आहे. स्टॅनफर्डच्या २०२५ च्या प्रयोगात रुग्णांना पडद्यावरची गुलाबी वर्तुळं मोजायला सांगितली, तेव्हा मनातल्या मनात म्हटलेले आकडे यंत्राला चाहूल लागण्याइतके ऐकू आले. यावर तोडगाही त्यांनीच काढला. आधी मनात परवलीचा शब्द म्हणायचा, तरच यंत्र ऐकू लागेल. त्यांनी निवडलेला शब्द होता 'चिटी चिटी बँग बँग', कारण रोजच्या बोलण्यात तो चुकूनही येत नाही. यंत्राने तो ९८ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखला. आपलं मन कधी उघडायचं, हा हक्क रुग्णाचाच राहिला पाहिजे.

वेगाची शर्यत

• १९८८, अक्षरांचे खण: मिनिटाला २.३ अक्षरं
• २०१५, लुकलुकते दिवे: मिनिटाला ६० अक्षरांपर्यंत
• २०२१, मनात गिरवणं: मिनिटाला ९० अक्षरं
• २०२१, मेंदूवरून थेट शब्द, संग्रह ५० शब्दांचा: मिनिटाला १५ शब्द
• २०२३, स्टॅनफर्ड: मिनिटाला ६२ शब्द
• २०२३, सॅन फ्रान्सिस्को: मिनिटाला ७८ शब्द
• तुमच्या-आमच्यासारखं बोलणं: मिनिटाला सुमारे १५० शब्द

मेंदूत बसवायची ही साधनं अजून चाचणीच्या टप्प्यावर आहेत. दुकानात जाऊन विकत आणता येतील अशी ती नाहीत.

छत्तीस खणांत देवनागरी मावत नाही

इंग्रजीची २६ अक्षरं आणि १० आकडे, झाले ३६. आपल्या बाराखडीचं काय? स्वर, व्यंजनं, मात्रा, जोडाक्षरं... छत्तीस खण कुठे पुरणार! रायपूरच्या एनआयटीतले क्षीरसागर आणि लोंढे यांनी देवनागरीसाठी पी-३०० चा मोठा तक्ता घेऊन काम केलं आणि ते निबंधांतून मांडलं. 'पाणी' लिहायचं तर प, काना, ण, वेलांटी अशा चार निवडी. १९८८ च्या वेगाने पावणेदोन मिनिटं. एवढ्यात तहान आणखी वाढेल, म्हणून पहिल्या अक्षरावरून पूर्ण शब्द सुचवणारी मराठी यंत्रं हवीत.

मायबोली इथे चैनीची गोष्ट नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २०२४ मध्ये स्पॅनिश मायबोली असलेल्या आणि इंग्रजी मागाहून शिकलेल्या एका रुग्णाला दोन्ही भाषांत बोलतं केलं. मेंदूचा तोच भाग दोन्ही भाषांना पुरतो, असं त्यातून दिसलं. दुखतंय हे माणूस ज्या भाषेत कण्हतो, त्याच भाषेत यंत्राने ते ऐकायला हवं.

मागणी सूपची

डोळेही हलेनासे झाले तर? जर्मनीतल्या एका एएलएस झालेल्या तरुण बापाचं असंच झालं होतं. मेंदूत दोन चकत्या बसवल्या. यंत्र एक सूर ऐकवायचं, आणि त्याने मनाच्या जोरावर तो वर न्यायचा किंवा खाली आणायचा. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. अक्षरं एकेक करून वाचून दाखवली जायची. मिनिटाला एक अक्षर! २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं, पहिले लेखक उज्ज्वल चौधरी. आणि या माणसाने मागितलं काय? गूलाश नावाचं सूप. आवडत्या बँडचा अल्बम मोठ्याने लावा. आणि आपल्या लहान मुलावरचं प्रेमही त्याने अक्षर-अक्षर जोडून सांगितलं. खाणं, गाणं आणि लेकरू. माणूस आत अगदी शाबूत होता.

सुखी आहात का?

फ्रान्समध्ये झाँ-डॉमिनिक बोबी नावाचे संपादक होते. डिसेंबर १९९५ मध्ये स्ट्रोक झाला आणि फक्त डावी पापणी हाताशी उरली. समोरची व्यक्ती फ्रेंचमध्ये जास्त वापरली जाणारी अक्षरं आधी, या क्रमाने वाचायची, आणि हवं ते अक्षर आलं की ते पापणी मिटायचे. असं एकेक अक्षर वेचून १९९७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्याच वर्षी त्यांनी आपल्यासारख्या रुग्णांची संघटनाही उभी केली. पुढे २०११ मध्ये या संघटनेच्या ६५ सभासदांची उत्तरं अभ्यासली गेली. ४७ जणांनी आपण सुखी आहोत असं सांगितलं. 'असं जगण्यापेक्षा...' हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! ज्याला जगायचंय, त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

चौघांतला एक

आता या सगळ्यांतला सर्वांत मोठा आकडा. २००६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, 'तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर.' तिच्या मेंदूतली हालचालीची जागा धडधाकट माणसासारखी उजळली. तेव्हा अनेकांना तो एखादा अपवाद वाटला. २०२४ मध्ये सहा केंद्रांवरच्या मोठ्या अभ्यासात, सांगितलेलं काहीच न करणारे २४१ रुग्ण ईईजी किंवा स्कॅनने तपासले. त्यांच्यापैकी ६० जणांचा मेंदू आज्ञा ऐकत होता आणि पाळत होता. म्हणजे चौघांत एक. अंग निपचित, पण आत माणूस जागा.

सर्वांत आधी कोणाला कळतं?

शुद्ध शाबूत पण अंग लुळं, अशा 'लॉक्ड-इन' अवस्थेतल्या ४४ रुग्णांची फ्रान्समधली एक पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. माणूस आत शुद्धीवर आहे हे कळायला सरासरी अडीच महिने लागले. आणि ते सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आलं? निम्म्याहून जास्त वेळा घरच्यांच्या! डॉक्टरांच्या आधी आईला, बायकोला, मुलीला. कारण ती माणसं उशाशी बसून डोळ्यांत बघत होती.

म्हणून वाचकहो, एक कळकळीची विनंती. अशा रुग्णाच्या खोलीत जाल तेव्हा आधी त्याच्या नजरेसमोर उभे राहा, आपलं नाव सांगा, आज वार कोणता ते सांगा. त्याच्या आजाराची, खर्चाची, भविष्याची चर्चा त्याच्या डोक्यावरून करू नका. या अवस्थेत बहुतेकांची पापणी आणि डोळ्यांची वर-खाली हालचाल शाबूत असते, म्हणून सावकाश सांगा, 'हो असेल तर वर बघा.' मग थांबा. दहा सेकंद, वीस सेकंद, घाई नको. उत्तर नाही आलं तर उद्या पुन्हा विचारा, परवा पुन्हा. उत्तर आलं, तर डॉक्टरांना लगेच दाखवा आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत बाराखडी लिहून उशाशी ठेवा. त्या पुठ्ठ्याला वीज लागत नाही, पैसा लागत नाही, आणि तो आजच करता येतो.